महाराष्ट्रातील फुटबॉल: खेळाडूंचे हस्तांतरण आणि सामन्यांचे प्रक्षेपण

फुटबॉलमध्ये एखाद्या खेळाडूची नोंदणी एका संघाकडून दुसऱ्या संघाकडे जाण्याला हस्तांतरण म्हणतात, तर सामने दूरचित्रवाणीवर किंवा आंतरजालावर दाखवण्याच्या अधिकाराला प्रक्षेपण हक्क म्हणतात. दोन हंगामांच्या मधल्या काळात सामने नसल्याने चाहत्यांच्या चर्चेत मुख्यतः हेच दोन विषय असतात: आपल्या संघात कोण आले व कोण गेले, आणि पुढील हंगामातील सामने कोणत्या वाहिनीवर, किती शुल्क भरून पाहता येतील. व्यावसायिक फुटबॉलमध्ये हे दोन्ही विषय एकमेकांशी जोडलेले असतात, कारण प्रक्षेपण हक्कांतून मिळणारा पैसा संघांच्या उत्पन्नाचा भाग असतो आणि त्याच उत्पन्नातून खेळाडूंचे करार केले जातात. २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) हक्क-करार संपत आला असता भारतातील अव्वल साखळी स्पर्धाच थांबली, तेव्हा हा संबंध ठळकपणे समोर आला.

महाराष्ट्रात या विषयाची दोन वेगळी रूपे आढळतात. मुंबई व पुणे येथील व्यावसायिक संघ राष्ट्रीय साखळी स्पर्धांवर आणि त्यांच्या प्रक्षेपणावर अवलंबून राहिले. कोल्हापुरातील फुटबॉल मात्र पेठा, तालीम मंडळे व स्थानिक आश्रयदाते यांच्या बळावर चालतो.

हस्तांतरणाचे नियम

आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या (फिफा) नियमांनुसार प्रत्येक देशाच्या संघटनेला वर्षातून दोन नोंदणी कालावधी ठरवावे लागतात. पहिला, मोठा कालावधी हंगामापूर्वी असतो व दुसरा हंगामाच्या मध्यात. भारतात मोठा कालावधी साधारणतः जून ते ऑगस्ट या महिन्यांत येतो आणि दुसरा जानेवारीत. करार संपलेला खेळाडू मुक्त खेळाडू मानला जातो व त्याच्यासाठी आधीच्या संघाला हस्तांतरण शुल्क द्यावे लागत नाही. युरोपात हा अधिकार १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने बोस्मन खटल्यात दिलेल्या निर्णयाने प्रस्थापित झाला. कराराचे शेवटचे सहा महिने उरले असता खेळाडू पुढील हंगामासाठी दुसऱ्या संघाशी बोलणी करून पूर्वकरार करू शकतो.

करार चालू असलेला खेळाडू हवा असल्यास दोन्ही संघांत शुल्क ठरवावे लागते, किंवा करारात नमूद असलेली मुक्ततेची रक्कम भरावी लागते. याखेरीज ठरावीक मुदतीसाठी खेळाडू उसना देण्याची पद्धतही रूढ आहे. ऑक्टोबर २०१० पासून आंतरराष्ट्रीय हस्तांतरणे फिफाच्या संगणकीय प्रणालीतून नोंदवणे बंधनकारक आहे.

कंपन्यांच्या संघांचा काळ

विसाव्या शतकात मुंबईतील फुटबॉलचे केंद्र कुलाब्याजवळील कूपरेज मैदान होते. तेथे होणारी हारवूड लीग आणि १८९१ मध्ये सुरू झालेला रोव्हर्स चषक या स्पर्धांत टाटा स्पोर्ट्स क्लब, मफतलाल मिल्स, ओर्के मिल्स, महिंद्र अँड महिंद्र, एअर इंडिया, रेल्वे अशा संघांचा दबदबा असे. या व्यवस्थेत खेळाडू संघ बदलत असे म्हणजे बहुधा नोकरी बदलत असे. कंपनी त्याला कायम नोकरी, वेतन व काही वेळा राहण्याची सोय देई. खेळ संपल्यावरही नोकरी टिकत असल्याने अनेक गोमंतकीय व केरळी खेळाडू मुंबईत स्थायिक झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसूझा हे टाटा स्पोर्ट्स क्लब व कॅलटेक्स या कंपनी-संघांकडून खेळले होते.

संघाचा खर्च कंपनीच्या क्रीडा विभागातून होत असल्याने तिकीटविक्री किंवा प्रक्षेपण यांवर संघाचे अस्तित्व अवलंबून नव्हते. मात्र कंपनीने निर्णय बदलला की संघही संपत असे. २००५–०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड हा मुंबईचा संघ २०१० मध्ये बंद करण्यात आला. २००७ मध्ये स्थापन झालेले पुणे एफसी व मुंबई एफसी हे आय-लीगमधील संघही पुढे टिकले नाहीत, तर पुण्याचा भारत एफसी २०१४–१५ हा एकच हंगाम खेळला.

इंडियन सुपर लीगमधील करार

९ डिसेंबर २०१० रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्स या कंपनीशी १५ वर्षांचा व ७०० कोटी रुपयांचा हक्क-करार केला. त्यानुसार भारतीय फुटबॉलचे व्यापारी हक्क या कंपनीकडे व नंतर फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट लिमिटेड (एफएसडीएल) या संस्थेकडे गेले. याच व्यवस्थेतून आयएसएल निर्माण झाली. तिचा पहिला सामना १२ ऑक्टोबर २०१४ रोजी कोलकात्यात अॅटलेटिको दि कोलकाता व मुंबई सिटी एफसी यांच्यात झाला. महाराष्ट्रातून मुंबई सिटी व एफसी पुणे सिटी हे दोन संघ सहभागी झाले.

सुरुवातीच्या हंगामांत खेळाडूंची वाटणी केंद्रीय पद्धतीने होत असे. प्रत्येक संघाला एक नामवंत परदेशी खेळाडू घेता येई. त्यानुसार २०१४ मध्ये मुंबईकडे फ्रेडी युंगबर्ग व निकोला अनेल्का, तर पुण्याकडे डेव्हिड ट्रेझेगे हे खेळाडू आले. १० जुलै २०१५ रोजी मुंबईत निवडक भारतीय खेळाडूंचा लिलाव झाला. त्यात मुंबई सिटीने सुनील छेत्रीला १ कोटी २० लाख रुपयांना, तर पुणे सिटीने युजेनसन लिंगडोहला १ कोटी ५ लाख रुपयांना घेतले. जुलै २०१७ मध्ये मुंबईत खेळाडूंची शेवटची केंद्रीय निवड झाली. त्यानंतर संघ खुल्या बाजारात थेट करार करू लागले. खर्चावर आळा घालण्यासाठी वेतनमर्यादा ठेवण्यात आली. २०२१–२२ पासून संघात जास्तीत जास्त सहा परदेशी खेळाडू व एका वेळी मैदानात चार, असा नियम लागू झाला.

खुल्या बाजाराचा परिणाम मुंबई सिटीच्या वाटचालीत दिसतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने या संघातील ६५ टक्के हिस्सा घेतला. २०२० च्या विश्रांतीकाळात प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांच्यासह एफसी गोवाचे अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बुमू आणि गोमंतकीय बचावपटू मंदार राव देसाई मुंबईकडे आले. त्या हंगामात मुंबई सिटीने साखळीतील अग्रस्थानाची ढाल व अंतिम विजेतेपद दोन्ही जिंकले. करोना महासाथीमुळे तो संपूर्ण हंगाम गोव्यात प्रेक्षकांविना झाला. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्डा येथील अंतिम सामन्यात बिपिन सिंगने अखेरच्या मिनिटाला केलेला विजयी गोल संघाच्या चाहत्यांना केवळ पडद्यावर पाहता आला.

संघाने २०२३–२४ मध्ये दुसऱ्यांदा विजेतेपद मिळवले. कोलकात्यातील अंतिम सामन्यात त्याने मोहन बागानला ३–१ असे हरवले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मध्यरक्षक लालेंगमाविया राल्ते (अपुइया) पराभूत मोहन बागानकडेच गेला, तर मुंबईत जन्मलेला बचावपटू राहुल भेके बेंगळुरू एफसीकडे परतला. भेकेने १७ मार्च २०१९ रोजी मुंबईतच झालेल्या अंतिम सामन्यात बेंगळुरूसाठी एफसी गोवाविरुद्ध विजयी गोल केला होता आणि २०२१ मध्ये तो मुंबई सिटीत दाखल झाला होता.

पुण्यात मात्र संघच राहिला नाही. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला व त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. त्यामुळे आयएसएलमध्ये राज्याचे प्रतिनिधित्व मुंबईपुरते उरले.

करारावरील वाद

करारांवरील मतभेद अनेकदा महासंघाच्या खेळाडू दर्जा समितीकडे व न्यायालयांकडे जातात. २०२४ मध्ये बचावपटू अन्वर अली मोहन बागानबरोबरचा करार सोडून ईस्ट बंगालकडे गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये समितीने त्याच्यावर चार महिन्यांची बंदी घातली आणि खेळाडू, ईस्ट बंगाल व दिल्ली एफसी यांना मिळून १२ कोटी ९० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. हे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले व आदेशाला स्थगिती मिळाली. उसना खेळाडू, मूळ संघ व नवा संघ यांच्यातील हक्कांची गुंतागुंत या प्रकरणाने चाहत्यांपुढे आली.

प्रक्षेपण हक्क

आयएसएलचे सामने २०१४ पासून स्टार स्पोर्ट्स वाहिन्यांवर व हॉटस्टारवर दाखवले जात. २०२३–२४ पासून हे हक्क व्हायकॉम१८ कडे गेले. त्यानंतर सामने स्पोर्ट्स१८ वाहिनीवर आणि जिओसिनेमावर विनाशुल्क दिसू लागले. याच कंपनीने २०२२ ची फिफा विश्वचषक स्पर्धाही जिओसिनेमावर विनाशुल्क दाखवली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार व व्हायकॉम१८ एकाच कंपनीखाली आल्या आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजी दोन्ही मंच एकत्र करून जिओहॉटस्टार सुरू झाले. त्याची सर्वात स्वस्त वर्गणी सुरुवातीला तीन महिन्यांसाठी १४९ रुपये होती.

युरोपीय स्पर्धांचे हक्क वेगवेगळ्या कंपन्यांकडे विभागलेले आहेत. इंग्लिश प्रीमियर लीग दीर्घकाळ स्टारकडे, तर युएफा चॅम्पियन्स लीग सोनीकडे राहिली. स्पेनची ला लीगा २०१८ ते २०२१ या काळात भारतात फेसबुकवर विनाशुल्क दाखवली गेली. त्यानंतर ती व्हायकॉम१८ कडे व पुढे इतर मंचांकडे गेली. परिणामी, एखाद्या आवडत्या युरोपीय संघाचे देशांतर्गत व खंडीय असे सर्व सामने पाहू इच्छिणाऱ्या प्रेक्षकाला बहुधा एकापेक्षा अधिक वर्गण्या घ्याव्या लागतात आणि हक्क बदलले की वर्गणीही बदलावी लागते.

प्रेक्षकांवरील शुल्क

केबल व डीटीएच सेवेचे दर भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) चौकटीत ठरतात. १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या व्यवस्थेत प्रेक्षकाचे देयक दोन भागांत विभागले गेले. पहिला भाग जोडणी शुल्काचा होता. १०० वाहिन्यांसाठी त्याची कमाल मर्यादा १३० रुपये होती आणि १८ टक्के वस्तू व सेवा करासह ते १५३ रुपये ४० पैसे होई. एक एचडी वाहिनी दोन वाहिन्यांइतकी धरली जाई. दुसरा भाग सशुल्क वाहिन्यांच्या किमतीचा होता. ज्या वाहिनीची किंमत १९ रुपयांपेक्षा अधिक असेल तिला वाहिन्यांच्या एकत्रित संचात घालता येत नसे व ती स्वतंत्रपणेच विकावी लागे. १९ रुपयांची वाहिनी करासह २२ रुपये ४२ पैशांना पडे.

२०२० च्या सुधारणेने १३० रुपयांत २०० वाहिन्या देणे बंधनकारक झाले आणि संचातील वाहिनीची किंमतमर्यादा १२ रुपयांवर आणली गेली. प्रक्षेपण कंपन्यांनी या मर्यादेला न्यायालयात आव्हान दिले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ही मर्यादा पुन्हा १९ रुपये करण्यात आली. जुलै २०२४ मध्ये जोडणी शुल्कावरील कमाल मर्यादाही काढून टाकण्यात आली.

या व्यवस्थेमुळे प्रेक्षकाला नको असलेल्या वाहिन्या वगळता येऊ लागल्या. मात्र क्रीडा वाहिन्या सामान्यतः महागड्या गटात मोडतात. शिवाय, फुटबॉल पाहणाऱ्याने भरलेले पैसे फुटबॉलपर्यंतच पोहोचतात असे नाही. क्रीडा वाहिनीचे शुल्क तिच्यावरील सर्व खेळांसाठी एकत्रित असते आणि भारतात हक्कांवरील खर्चाचा सर्वात मोठा वाटा क्रिकेटकडे जातो.

विनाशुल्क पर्याय

प्रसार भारतीची डीडी फ्री डिश ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. तिला मासिक शुल्क नाही. फक्त तबकडी व सेट-टॉप बॉक्स यांचा एकदाच खर्च येतो. २००७ च्या क्रीडा प्रक्षेपण संकेत (प्रसार भारतीशी सक्तीची वाटणी) कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून अधिसूचित सामन्यांचे संकेत खासगी हक्कधारकाने प्रसार भारतीला द्यावे लागतात. त्यावरील जाहिरातींचे उत्पन्न हक्कधारक व प्रसार भारती यांच्यात ७५:२५ या प्रमाणात वाटले जाते. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे संकेत केवळ दूरदर्शनच्या भूस्थित प्रक्षेपणावर व फ्री डिशवरच दाखवता येतील, खासगी केबल वा डीटीएचवर नाही, असा निर्णय दिला. त्यामुळे खासगी डीटीएच घेणाऱ्याला हे सामने पाहण्यासाठी क्रीडा वाहिनीचे शुल्क भरावे लागते, तर फ्री डिशच्या प्रेक्षकाला ते विनाशुल्क मिळतात.

आयएसएलसारखी साखळी स्पर्धा दैनंदिन स्वरूपाची असल्याने या कायद्याचा तिच्या प्रेक्षकाला फारसा उपयोग होत नाही. महाराष्ट्रात आयएसएलचे सामने मुंबई, नवी मुंबई व पुणे याच ठिकाणी झाले आहेत. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात असलेल्या आंधळगावसारख्या गावापासून मुंबई आठशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. पूर्व विदर्भातील अशा प्रेक्षकाचा राज्यातील एकमेव आयएसएल संघाशी असलेला संबंध जवळजवळ पूर्णपणे प्रक्षेपणावर अवलंबून असतो. वर्गणीतील वाढ वा वाहिनीतील बदल शहरी चाहत्याला गैरसोयीचा ठरतो. दूरच्या प्रेक्षकासाठी मात्र त्याने सामना पाहण्याचा मार्गच बंद होऊ शकतो.

कोल्हापुरातील पद्धत

कोल्हापुरात फुटबॉलचे संघ प्रामुख्याने पेठांतील तालीम मंडळांतून उभे राहिले. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब व फुलेवाडी फुटबॉल क्रीडा मंडळ हे त्यांतील प्रमुख संघ होत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (केएसए) नियंत्रणाखाली राजर्षी शाहू स्टेडियमवर वरिष्ठ गटाची साखळी स्पर्धा व विविध चषक स्पर्धा होतात. हंगाम साधारणतः हिवाळ्यात सुरू होऊन पावसाळ्यापूर्वी संपतो.

हंगामापूर्वी केएसएकडे होणारी खेळाडू नोंदणी हा शहरातील चर्चेचा विषय असतो. कोणत्या तालमीचा खेळाडू कोणाकडे गेला आणि कोणत्या संघाने बाहेरचा वा आफ्रिकी खेळाडू आणला, याची दखल स्थानिक वृत्तपत्रे घेतात. खेळाडूंचे मानधन व संघाचा खर्च प्रायोजक, स्थानिक पुढारी, पेठेतील देणगीदार व समर्थक यांच्याकडून उभा राहतो. प्रेक्षक तिकीट काढून मैदानात सामना पाहतात, तसेच स्थानिक केबल वाहिन्या व यूट्यूबवरूनही सामने दाखवले जातात. संघाशी असलेली निष्ठा पेठेशी जोडलेली असल्याने येथील ईर्षा तीव्र असते व खेळाडूने पेठ बदलणे ही समर्थकांच्या दृष्टीने केवळ व्यावसायिक बाब राहत नाही.

कोल्हापूरच्या खेळाडूंपैकी अनिकेत जाधव याने २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाचे प्रतिनिधित्व केले व पुढे तो जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल आदी संघांकडून खेळला.

२०२५–२६ मधील पेच

महासंघ व एफएसडीएल यांच्यातील करार ८ डिसेंबर २०२५ रोजी संपणार होता. नूतनीकरणाबाबत स्पष्टता नसल्याने ११ जुलै २०२५ रोजी एफएसडीएलने २०२५–२६ चा हंगाम स्थगित ठेवत असल्याचे कळवले. हा दिवस हस्तांतरण कालावधीच्या मध्यात आला. बेंगळुरू एफसीसह काही संघांनी वेतन वा कामकाज थांबवले. करार झालेल्या खेळाडूंनाही सामने कधी होतील हे ठाऊक नव्हते. त्यामुळे नवे खेळाडू घेण्याच्या काळात चाहत्यांची चर्चा स्पर्धा होणार की नाही यावर येऊन ठेपली.

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महासंघाच्या नव्या घटनेला मान्यता दिली. ऑक्टोबरमध्ये महासंघाने व्यापारी हक्कांसाठी निविदा काढली व वार्षिक किमान ३७ कोटी ५० लाख रुपयांची अपेक्षा ठेवली. आधीच्या करारानुसार महासंघाला वर्षाला सुमारे ५० कोटी रुपये मिळत होते. ७ नोव्हेंबरच्या मुदतीपर्यंत एकही बोली आली नाही. त्याच महिन्यात सुनील छेत्री, गुरप्रीत सिंग संधू, संदेश झिंगन आदी खेळाडूंनी एकत्रित निवेदनाद्वारे खेळ सुरू करण्याची मागणी केली. डिसेंबरमध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतील आपला हिस्सा सोडला. अखेर ६ जानेवारी २०२६ रोजी केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी १४ संघांसह आयएसएल १४ फेब्रुवारीपासून सुरू होईल, असे जाहीर केले.

परिणाम

या पेचातून भारतीय व्यावसायिक फुटबॉलचा एक कच्चा दुवा स्पष्ट झाला. कंपनी-संघांच्या काळात एका कंपनीच्या निर्णयाने एक संघ बंद होत असे. केंद्रीय हक्क-कराराच्या काळात एका कराराच्या समाप्तीने संपूर्ण स्पर्धा थांबली. प्रेक्षकांनी भरलेली वर्गणी क्रीडा वाहिन्यांपर्यंत पोहोचत असली, तरी केवळ फुटबॉलसाठी हक्क विकत घेण्यास पुढे येणारा खरेदीदार २०२५ मध्ये मिळाला नाही. कोल्हापूरची व्यवस्था आकाराने लहान व एका शहरापुरती आहे. मात्र तिचा पैसा मुख्यतः प्रेक्षक, पेठ व स्थानिक देणगीदार यांच्याकडून येत असल्याने ती राष्ट्रीय हक्क-करारावर अवलंबून नाही.

हेही पाहा

इंडियन सुपर लीग
मुंबई सिटी एफसी
एफसी पुणे सिटी
रोव्हर्स चषक
राजर्षी शाहू स्टेडियम, कोल्हापूर
डीडी फ्री डिश